काटा

कर्वे रोडला तिसऱ्या मजल्यावर
त्यांनी गुळगुळीत कागदावर आलेख दाखवला.
आठवड्याला तीस तास, टेबल, खुर्ची,
बरोबर उत्तराला जेम्सची एक गोळी.
"तीन महिन्यांत हात हलवणं बंद होईल," म्हणाले.
मी विचारलं, हात कशाला बंद करायचे?
ते हसले. सुरुवातीला पालकांना असंच वाटतं, म्हणाले.

परतताना स्वारगेटच्या सिग्नलला
दुर्वा स्कूटरवर माझ्या पुढ्यात उभी,
उतरते आकडे बघत होती. सात, सहा, पाच.
शून्याला तिचे दोन्ही हात फडफडले.
मागे टेम्पोवाला हॉर्नवर बसला होता.
मला कळेना, यातलं नेमकं काय बरं करायचंय.

मी मार्केट यार्डात तोलणार.
वीस वर्षं कांद्याच्या गोणीला हात लावून
वजन सांगतो, अर्धा किलो इकडेतिकडे.
पण या थेरप्यांच्या फायली,
ही तीन अक्षरी इंग्रजी नावं
हातात घेतली की हाताला काहीच कळत नाही.

कुंदा म्हणते, ठरव लवकर, वय निघून चाललंय.
सासरे म्हणतात, बोलेल की. आमचा धाकटा पाचव्या वर्षी बोलला.
बिबवेवाडीला मला बाहेर बसवून
दार लावून घेतलं, काचेला आतून कागद.
तिचा आवाज आला. घरी मिक्सर लावला की येतो, तो.
ती रडते तेव्हा तुम्ही काय करता?
"दुर्लक्ष. तेच तर तंत्र आहे."
तिला उचलली आणि निघालो.
पावती अजून पाकिटात आहे, घडी मोडत आलेली.

मग सहकारनगर, तळमजला.
टिळेकर नावाच्या बाईंनी आधी ट्यूबलाइट बंद केली.
"गुणगुणते ती. आपल्याला ऐकू येत नाही."
मग फरशीवर बसल्या, दुर्वापासून चार फरश्या लांब,
आणि मला विचारलं, हिला काय आवडतं?

तोवर चार सेंटरं झाली होती.
हिला काय येत नाही, याचे
अकरा-अकरा पानांचे फॉर्म मी भरले होते.
आवडतं काय, याला कुठेच रकाना नव्हता.

म्हणालो, काटा.
सुट्टीला गाळ्यावर नेतो. जुना तबकडीचा काटा आहे,
आता कुणी वापरत नाही.
ही एक बटाटा ठेवते. काटा थरथरतो.
थांबला की ओरडते.
मग बटाटा काढते, आणि शून्यावर येईपर्यंत
श्वाससुद्धा घेत नाही.
तासभर.

त्यांनी लिहून घेतलं. 'बटाटा'सुद्धा.

वचन एकही दिलं नाही.
बोलेल का, माहीत नाही, म्हणाल्या.
आधी 'नको' शिकवू. शब्दाने नाहीतर हाताने.
आणि ती नको म्हणाली की थांबायचं, बरं का,
तुम्हीसुद्धा.
तीन महिने बघा. दारात तिचे पाय अडतात का, ते बघा.
माझ्या वहीपेक्षा ते खरं.

आता मंगळवार, शुक्रवार.
गेल्या वेळी तिथे स्वयंपाकघरातला छोटा काटा होता, निळा.
बाईंनी लिंबू ठेवलं आणि हात मागे घेतला.
दुर्वाने काट्याकडे बघितलं, मग लिंबाकडे,
मग, शपथेवर नाही सांगत,
बहुतेक बाईंकडे.

चुकलोही असेन. कर्वे रोडचा तो कागद
कुंदाने फ्रिजवर लावून ठेवलाय. मी काढत नाही.

आज दारात दुर्वाने एक चप्पल काढली,
दुसरी पायात तशीच ठेवून आत गेली.
मी बाहेर उभा, ती एक हातात धरून.
नव्वद ग्रॅम.
फार तर शंभर.