करंगळीच्या खाचेत

एलुविना चिगुआय बूट काढायला तयार नाही.
"खोकला दाखवायला आलेय," म्हणते.
खोकला मी ऐकला. कोरडा, साधा.
पण खुर्चीखाली तिचा एक पाय
दुसऱ्यावर घासतोय, घासतोय,
मांजर दाराला अंग घासतं तसा.

खिडकीबाहेर केयोनचा धक्का, राखाडी पाणी,
आणि सामन मासा चिरणारा कारखाना.
बायका नऊ नऊ तास पांढऱ्या रबरी बुटांत उभ्या,
खाली बर्फाचं पाणी, आत स्वतःचा घाम.
चिखल म्हणाल तर औषधालाही नाही,
फरशी तासातासाला धुतात.
तरी चिखल्या.

शेवटी बूट निघाला. मग मोजा, जड, ओला.
करंगळीच्या खाचेत कातडी पांढरी, फुगलेली,
दुधात विसरलेल्या पावासारखी,
मधोमध एक लाल चीर.
तळव्याला पिठासारखा कोंडा.
अंगठ्याचं नख पिवळं, जाड,
शिंपल्यातून उचलून चिकटवल्यासारखं.

"वास येतो," ती भिंतीला म्हणाली.
"घरी सांगते, माशांचा आहे."

पर्समधून तिनं एक चेपलेली ट्यूब काढली.
बहिणीची. हाताच्या पुरळावरची.
"तीन दिवसांत खाज गेली. मग दुपटीनं आली."
येणारच.
हे चोराला धरत नाही, एलुविना,
राखणदाराला झोपवतं.

हे घे दुसरं. सकाळ-संध्याकाळ, पाय कोरडा करून,
चिरेवर आणि चिरेच्या पलीकडेही.
बरं वाटलं की तू थांबशील, सगळ्याच थांबतात.
थांबू नकोस.
डोळ्याला दिसेनाशी झाली तरी
ती दोन आठवडे घर सोडत नाही.
नखाची गोष्ट वेगळी,
तुकडा तपासायला पाठवते,
मग कदाचित गोळ्या, आणि महिनोन्महिने धीर.
आणि पाय सुजला, लाली वर चढली, ताप आला,
तर पाळी संपायची वाट बघायची नाही.

"घरात टॉवेल किती?"
"दोन."
"माणसं?"
"सहा."
दोघी गप्प.
"आणि मोजे आधी, चड्डी नंतर."
ती बघतच राहिली.
"अगं, चड्डी पायांवरूनच वर जाते ना!"
तेव्हा हसली, इतकी की खोकला आला,
खराखुरा.

बुटांचा दुसरा जोड कारखाना देत नाही.
एक जोड वाळायला दोन रात्री लागतात,
पाळी मात्र रोज सकाळी सहाला.
मुकादमाला मी चिठ्ठी लिहिली,
शब्द पाठ झालेत, एकेचाळिसावी आहे.
रात्री स्वतःचे बूट उपडे करून
शेगडीपाशी ठेवले,
बोटं एकेक फाकवून पुसली,
आणि चष्मा लावून पाहिलं.
मग दिवा जवळ घेऊन पुन्हा.

तीन आठवड्यांनी ती आली.
जोड तोच, पण आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले.
न सांगता पाय पुढे केला: कातडी गुलाबी, नवी.
मागे दारात एक पोरगी उभी,
पांढरे बूट एकमेकांमागे लपवत.

"ही ओर्तेन्सिया," एलुविना म्हणाली.
"हिलाही खोकला आहे."