वाढत्या अंगाचं

फोनवर अक्का म्हणाली, ड्रायव्हर बदलतोयस?
जुन्याचं काय झालं, पितो का?
म्हटलं, अगं माणूस नव्हे, काठी. गोल्फची.
पहिला फटका मारायची,
डोकं पेरूपेक्षा मोठं, आतून पोकळ.
तिकडे इचलकरंजीत ती जरा गप्प.
मग: पगार नाही ना द्यावा लागत?

पगार नाही, पण माप घ्यायचेच सव्वाशे डॉलर.
काठी घेतली तर वळते करतात,
नाही घेतली तर गेले.

कँटनच्या बाहेर, टायरच्या दुकानापलीकडे
केल्सी नावाची एक मुलगी
तुम्हाला जाळीसमोर उभं करते.
कॅमेरे बघतात वेग, कोन,
चेंडू मिनिटाला किती गिरक्या घेतो.
मग ती सांगते तुमचा दांडा कुठला:
स्टिफ, रेग्युलर, की सीनिअर.

मला भीती त्या तिसऱ्या शब्दाची आहे.
हेमांगीला हे सांगितलेलं नाही.
तिला सांगितलंय, पैशाचा विचार करतोय.

चौतीस वर्षं बेअरिंगं मोजली मी ओहायोत,
इंचाच्या दहा हजाराव्या भागापर्यंत.
हाताची ऊबही लागू द्यायची नाही पोलादाला, फुगतं.
केसाच्या विसाव्या हिश्शासाठी
पेट्याच्या पेट्या परत पाठवल्या.

आणि स्वतः?
शाळेच्या शर्टाला वडील शिंप्याला सांगायचे,
वाढत्या अंगाचा शिवा.
शिंपी टेप गळ्यातच ठेवून नुसता बघायचा.
शर्ट अंगाला यायचा तोवर कोपरात विरलेला.
बुटांत कापूस.
लग्नातला कोट मावसभावाचा.
इथला पहिला हिवाळा चर्चच्या खोक्यातल्या जॅकेटात,
बाह्या बोटांच्याही पुढे,
किती वाजले बघायला हात आभाळाकडे करावा लागे.

ड्रायव्हरही तसलाच.
रॉय स्टॅम्बॉ गेल्यावर त्याच्या गॅरेज सेलमधला, नऊ डॉलर.
डोनाने तेही घ्यायला खळखळ केली.
रॉय सहा फूट तीन इंच होता.
मी पाच-पाच. मूठ सोडून खाली धरतो.
अकरा वर्षं चेंडू उजवीकडे जातो,
मेपलच्या झाडांत,
एकदा तर लुथरन चर्चच्या पार्किंगात, लग्न चालू असताना.
सोबती आता चेंडूकडे बघतही नाहीत,
थेट झाडांकडे चालू लागतात.

शेवटी गुरुवार साडेतीनची वेळ घेतली.
केल्सीने विचारलं, हातमोज्याचं माप?
म्हटलं, मीडियम. अंदाजे.

अंदाजे! मी!

ती म्हणाली, बरं, जुना क्लबही घेऊन या.

आणि मंगळवारी संध्याकाळी, सातव्या होलवर
चेंडू सरळ गेला.
म्हणजे सरळ.
आवाज असा, की ग्लेनने बिअरचा कॅन तोंडापासून काढला.
तळ्यावरून, झेंड्याच्या रेषेत,
पडला कुठे ते दिसलं नाही, ऊन डोळ्यांत होतं.
झालं, ग्लेन म्हणाला, सव्वाशे वाचले तुझे.
आठव्यावर पुन्हा मेपल.

आता तो एक सरळ कुणाच्या खात्यात धरायचा,
माझ्या, रॉयच्या, की वाऱ्याच्या?
कारखान्यात असा एखादा नग निघाला
तर आम्ही आधी यंत्रावर संशय घ्यायचो.

रात्री गॅरेजमध्ये बसलो.
मूठ ओल्या फडक्याने पुसली.
रबरावर वर अंगठ्याची खाच, खोल, रॉयची.
ती रोजच दिसायची.
तिच्या खाली दुसरी, उथळ,
हिची मला खबरच नव्हती.
अंगठा ठेवून पाहिला. काढला.
कॅलिपर लावला दोन्हींच्या मध्ये:
दोन इंच, एकशे चाळीस सहस्रांश.
वीजबिलाच्या पाकिटावर लिहून ठेवलं,
सवयीने तारीख आणि सहीसुद्धा.

वेळ अजून रद्द केलेली नाही.
उद्या बुधवार.