फुली

विडनेसच्या आमच्या शाळेत त्या मंगळवारी बॉयलर बंद पडला.
प्रयोगशाळा नंबर तीन, अकरा अंश.
मुलं कोट घालूनच बाकांशी उभी,
आणि मी ट्रॉली ढकलत आले, एक चाक कुरकुरत,
वर शंकुपात्रं, थायोसल्फेट, आम्ल,
आणि कागदाचे चौकोन, ज्यांवर आदल्या संध्याकाळी
काळ्या मार्करने फुल्या मारून ठेवल्या होत्या.

प्रयोग साधा. पात्राखाली फुली ठेवायची,
दोन्ही ओतायचं, घड्याळ सुरू करायचं,
वाकून वरून बघत राहायचं.
आधी काहीच होत नाही.
मग तांदळाच्या धुवणासारखं,
मग पिवळट,
मग फुली नाहीशी.

मिस्टर एन्ट्विसल फळ्यावर लिहितात :
दहा अंश वाढले की वेग दुप्पट, साधारण.
हे 'साधारण' मला आवडतं.

आज दोन मिनिटं उलटली तरी फुली ठळक, हट्टी.
कॅलम म्हणाला, मिस, तुमचं औषध शिळं झालंय.
शिळं नव्हतं.
थंडीत रेणूही इथल्या फुटपाथवरच्या माणसांसारखे,
धक्का लागतो, सॉरी म्हणतात, निघून जातात.

मी स्टाफरूमच्या दोन्ही किटल्या आणल्या,
भांडी घासायच्या टबांत कढत पाणी ओतलं,
पात्रं गळ्यापर्यंत बुडवली.
चाळीस अंश.
मग ते मनापासून आपटले एकमेकांवर,
आणि तुटायचं ते तुटलं, पटापट,
बाकाबाकावरून ओरडा : गेली! गेली!

(पुढच्या आठवड्यात उत्प्रेरक.
तो मदत करतो, स्वतः बदलत नाही, असं पुस्तक म्हणतं.
सतरा वर्षं मी या बाकांमधून फिरते आहे.
माझी बोटं पाहा.)

ऑर्ला फिअरन तीन आठवड्यांनी कालच शाळेत आलेली.
तिच्या आलेखावर सगळे ठिपके उतारावर शहाण्यासारखे,
एकच वर, लांब, एकटा.
एन्ट्विसल म्हणाले, याला गोल कर,
रेषेत धरू नकोस. घड्याळ उशिरा थांबवलंस ना?
ती म्हणाली, मला अजून दिसत होती.
त्यांनी खडू ठेवला. पुढे विचारलं नाही.

घंटा झाली. गंधकाचा वास कोटांत घेऊन
मुलं गेली जेवायला.
खिडकी उघडली, मर्सीवरून बोचरा वारा आला;
या गावाला असले वास नवे नाहीत,
पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यावरच पोटं भरली.

पात्रांच्या तळाला पिवळी साय धरते,
ब्रश आत फिरवून फिरवून काढावी लागते.
ऑर्लाचं पात्र बाकावर तसंच होतं, खाली कागद.
मी वाकून पाहिलं.
काही नव्हतं, नुसतं गढूळ.
तरी ओतून देण्याआधी उभी राहिले.
किती वेळ, ते मोजलं नाही.