एकोणचाळीस हजार सहाशे दोन तास

झुग्दीदीकडून वर येणारा रस्ता बर्फाने बंद,
म्हणून बिद्झिना फोनवरूनच सांगतोय,
आणि मी, एक्स-रे काढणारी लामारा,
दवाखान्यातल्या एकुलत्या एका संगणकासमोर
कोट न काढता बसलेय.

ड्राइव्हने स्वतःचे तास मोजून ठेवलेत.
चाळीस हजार भरले की मान टाकणार,
तसं कंपनीचं पत्र आलंय. काळ्या दगडावरची रेघ.
नवं फर्मवेअर घातलं तर वाचेल.
माणसांच्या बाबतीत इतकं नेमकं
आम्ही कधी कुणाला सांगू शकलो नाही.

जुना ड्राइव्ह जात्यासारखा घरघरायचा,
कुरकुर वाढली की कळायचं.
हा मुका.

आधी नक्कल. तिला चार तास लागले.
मग तो म्हणतो, नुसती नक्कल काय कामाची,
एखादी उघडून बघ. कुठलीही.
मी न बघता बोट ठेवलं, तर निघाला जान्सुग,
गवताच्या माळ्यावरून पडला होता त्या दिवशीचा:
सातवी बरगडी तडकलेली,
आणि छातीच्या मधोमध, लख्ख पांढरी,
गोठ्याची किल्ली.
गळ्यातलं काढ म्हणायचं मीच विसरले होते.

आता कुलूप काढ, बिद्झिना सांगतो, तात्पुरतं.
पण त्याआधी त्याची किल्ली कागदावर उतरव.
अठ्ठेचाळीस आकडे.
रिकाम्या पाकिटावर लिहिले, मोठ्याने वाचले,
एकतिसाव्याला चुकले,
पुन्हा पहिल्यापासून.

झोपेची वेळ बंद केली. पेनड्राइव्ह लावला.
केबल अंगठ्याने दाबून पाहिली.
हीटर काढला, किटली काढली,
बॅटरीवर दुसरा कसलाच भार नको.
खोली गार पडत गेली.

वीज गेली तर?
पलीकडे नुसती खरखर. मग म्हणाला,
दोन मिनिटं तो जुनाही नसतो, नवाही नसतो.
तेवढ्यात गेली तर हातात खडा राहील.
मला प्रसूतीची खोली आठवली; बोलले नाही.

खिडकीबाहेर जनरेटरजवळ जान्सुग उभा,
दोरी हाताला गुंडाळून, मी हात वर करायची वाट बघत.
कॉलर उघडी. हजारदा सांगितलंय, गळा झाक.

अजून काही राहिलंय? बिद्झिना विचारतो.
थांब, म्हटलं.
मांजर केबलवर बसलंय.