निधीनिक्षेपासह

पास्कोल म्हणाला, "बाय, घर कोणाचाच नाय असा दिसाक व्हया,
तरच गिऱ्हाईक आपला म्हणता."
म्हणून मी भिंतींपासून सुरुवात केली.

वीज मंडळाचं कॅलेंडर काढलं, दोन हजार अकराचं,
बाबा निवृत्त झाले त्या महिन्यावर थांबलेलं.
मागे पालीची दोन अंडी, भिंतीला चिकटलेली,
खडीसाखरेच्या खड्याएवढी.
एक रिकामं. दुसऱ्याचं काय करायचं ते ठरेना.
तेवढा चौकोन सोड, असं बाबल रंगाऱ्याला सांगितलं.
तो हसला. सोडला मात्र.

तिसऱ्या दिवशी बाबल ओरडत अंगणात आला,
हातात ब्रश, पायात एकच चप्पल.
न्हाणीत, बंबामागे, धामण.
ती त्याच्याहून घाबरलेली. डबा कलंडवून,
पाठीवर हस्तिदंती रंगाचा हातभर फराटा घेऊन
वईतून पलीकडे गेली, मिठबावकरांच्या माडांत.
"पयलो हात झालो," बाबल म्हणाला,
"दुसऱ्या हाताक ती काय येवची नाय."

पोटमाळा मी शेवटी ठेवला होता.
तिथे बाबा होते, म्हणजे त्यांचे रबरी हातमोजे,
चिनीमातीचे इन्सुलेटर, तारेची भेंडोळी,
खांबावर चढायचा पट्टा.
फळी सरकवली आणि आधी वास आला.
नव्या तांदळाचा.
उतू जाणाऱ्या आंबेमोहोराचा.
मी शिडीवरूनच खाली ओट्याकडे बघितलं.
सिलिंडर तर मंगळवारीच परत दिला होता.

वादळात लाईन पडली की बाबा रात्री दोनला परत यायचे,
सायकल जांभळीला टेकवून तिथेच थांबायचे
आणि म्हणायचे, कोण गं भात शिजवतंय या वेळी?
आई समजायची, भूक लागली म्हणायला लाजतोय माणूस.
उठून पेज ठेवायची.
बाबा भूक नसताना जेवायचे,
आई झोप नसताना... नाही, झोप असताना, समोर बसायची.
असं तीस वर्षं.

टॉर्च फिरवला.
इन्सुलेटरच्या खोक्यात, हातमोज्यांवर, कांडेचोर.
तोंड काजळी धरलेल्या टोपासारखं,
पोटाशी तीन पिल्लं, अजून आंधळी.
भोवती भेरली माडाच्या बिया, चिकूच्या बिया,
किती हंगामांच्या कोण जाणे, टोपलीभर.
दात नाही दाखवले तिने.
एकदा खोकल्यासारखा आवाज केला,
कडी न वाजवता कोणी आत आलं
की घरातलं माणूस करतं तसा.

बाबल म्हणाला, मिरच्यांची धुरी देऊया, पळतील.
मी म्हटलं, मजुरी पूर्ण घे,
पोटमाळ्याला रंग नको.

रविवारी नाशिकचे कुलथे आले, नवराबायको.
त्यांनी नळ सोडून बघितले, विहिरीत खडा टाकून बघितला,
भिंतीवरच्या न रंगवलेल्या चौकोनाबद्दल विचारलं.
ओल आहे का?
नाही, मी म्हटलं, अंडं आहे.
ते समजल्यासारखं हसले.
मधल्या खोलीत बाई थांबल्या. मान वर करून म्हणाल्या,
"किती छान वास! भात लावलाय वाटतं?"
पास्कोल थंड ओट्याकडे बघून माझ्याकडे बघायला लागला.
हो, मी म्हटलं.
बाईंनी नवऱ्याचं कोपर हलकेच दाबलं
आणि मला कळलं, घर गेलं.

मालवणला कचेरीत दस्त वाचून दाखवला.
पूर्वेस पाणंद, दक्षिणेस मिठबावकर,
जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधीनिक्षेपासह.
मी विचारलं, निक्षेप म्हणजे?
कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला,
कोणीतरी विश्वासाने ठेवून गेलेलं.
मग मी सही केली.

फळी दोन बोटं उघडी आहे, ते दस्तात नाही.
किल्ली द्यायच्या आधी एकदा आत गेले,
खोटं पडायला नको म्हणून
ओट्यावर आंबेमोहोराची किलोची पिशवी ठेवून आले.