एक दात

सोहारच्या सनाइयात जुलैमध्ये
पान्हे पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवतात,
नाहीतर हाताला चिकटतात
आणि सुटताना कातडी मागतात.

पांढरी लान्सर. तीन मालक वापरून झालेली.
शेवटचा इजिप्तचा, गणिताचा मास्तर,
घरी परतताना साडेचारशे रियालांत देऊन गेला.
वर म्हणाला, बेल्ट नवाच आहे, वल्ला.

बॉनेटखाली एक चिठ्ठी चिकटवलेली, अरबी आकड्यांत :
बेल्ट बदलला, एक लाख सत्तर हजार.
मीटरवर मात्र एक लाख बेचाळीस.
रज्जाक हजवानी, मूळ दाभोळ,
मान वाकडी करून दोन्ही वाचत राहिला,
मग असा हसला की तोंडातली काडी पडली.
"बाय, तुझी गाडी अजून तिथं पोचायचीय
जिथं तिचा पट्टा बदलून झालाय."

मी मिरजेची, इथं इस्पितळात रक्त तपासते,
आकड्यांवर विश्वास ठेवायचा पगार घेते.
मला हसू आलं नाही.

चाक उतरलं, झाकणं उतरली.
पुलीच्या बोल्टासाठी शाहिनूर पाइपाला लोंबकळला,
तेव्हा कुठे तो कुरकुरत सुटला.
पट्टा बाहेर आला : काळा, मऊ, सगळे दात जागेवर.
मी म्हटलं, चांगला तर आहे.
"असा नाय बघायचा."
त्यानं तो उलटा वाकवला
आणि भेगा उघडल्या,
टाचांना पडतात तशा.

"हा बरकाच्या रस्त्यावर तुटला असता ना,
तर आतल्या आत मारामारी.
वाल्व वरून उतरतो, पिस्टन खालून चढतो,
आणि कुणी थांबायचं, ते सांगायला कोण नाय."

खुणा करायला त्यानं माझा मार्कर घेतला,
टेस्टट्यूबवर नावं लिहायचा.
नवा पट्टा चढवला. हातानं दोन फेरे फिरवले.
खूण खुणेला लागेना.
"एक दात पुढं गेलाय."
किती फरक पडतो एका दातानं, मी विचारलं.
उत्तर न देता तो परत सगळं सोडवायला बसला.

करक आला. त्यावर साय धरली.
गाडीखालून आवाज आला :
"माझापण मीटर फिरवलेला हाय.
पयल्या व्हिसाला एकवीस लागत होती,
मी अठराचा. एजंटनं तीन वाढवली.
आता अरबाब बोलतो, रज्जाक, साठ झाली तुझी.
कागद खोटा म्हणू तर
एकोणचाळीस वर्षं खोटी पडतात."
मग जरा वेळ नुसता पान्ह्याचा आवाज.

तिसऱ्या खेपेला खुणा जुळल्या.
तरी त्यानं आणखी दोन फेरे फिरवले,
डोळे मिटून, मनगटानं ऐकत.
मग चावी. इंजिन लागलं,
इतकं सहज, की शाहिनूरला कळलंच नाही.

नवी चिठ्ठी लिहायची होती.
"कुठला आकडा घालू? तुझा की मास्तराचा?"
मी म्हटलं, आकडा राहू दे, तारीख घाला.
तारीख कोण फिरवणार?
तो माझ्याकडे बघत राहिला.
माझ्या ध्यानात आलं, पण उशिरा.

घामानं चिठ्ठी चिकटेना.
त्यानं अंगठ्यानं बराच वेळ दाबून धरली.
तारीख आता पुसट झालीय.
अंगठा अजून वाचता येतो.