राखीव जागा

रविवारी सकाळी हॉलेनबेकला नारळ दिला.
शनिवारी आम्ही हरलो होतो, चौतीस-सहा,
सलग पाचव्यांदा.
मंगळवारीच संचालक म्हणाले होते,
कोचला आमचा पूर्ण पाठिंबा आहे.
ते असं म्हणाले की मी काळ्या रंगाचा डबा
उघडून ठेवतो.

सोमवारी चिठ्ठी: पार्किंग क्रमांक एक, नाव पुसणे.

पुसणे म्हणतात ते.
डांबरावरचं नाव पुसलं जात नाही.
त्यावर काळा हात फिरवायचा,
थंडी असेल तर दोनदा,
आणि वर पांढऱ्यानं पुढचा माणूस.
एकवीस वर्षांत सहाजण गाडलेत मी तिथं,
एकावर एक.
ऊन तिरपं आलं की अजून दिसतो
स्ट्रिकलँडचा एस,
थरांखालून कुबड काढून बसलेला.

आमच्याकडे मका पिकतो.
नोव्हेंबरात तो निघाला
की रिकाम्या जमिनीत कंड्या पिकतात.
लोरीनच्या हॉटेलात अंड्यांबरोबर एक,
न्हाव्याकडे दुसरी,
चर्चच्या पायऱ्यांवर तिसरी, जरा हळू आवाजात.

ब्रूसार्ड येणार, लुईझियानाचा.
छे, त्याच्या बायकोला थंडी सोसत नाही.
अहो, बायकोची बहीण इथंच डेंटिस्ट आहे,
म्हणजे आलाच समजा.

एमेट विमानतळावर इंधन भरतो.
विमानतळ म्हणजे एक धावपट्टी आणि एक कुत्रा.
तो म्हणाला, रात्री छोटं जेट उतरलं,
पडदे ओढलेले.
सकाळपर्यंत शेपटीवरचा नंबर
शाळेतल्या पोरांनाही पाठ.
दुपारी कळलं, खत कंपनीचा मालक होता.
आला होता मात्र डेंटिस्टकडेच,
दाढ घेऊन.

गुरुवारी फोन आला: लिही, ब्रूसार्ड.
नऊ अक्षरं. खडूनं आखून घेतली,
बोटं हातमोज्यातही बधिर.
चार झाली आणि पुन्हा फोन:
थांब.
त्यानं आमचं पत्र तिकडच्या टेबलावर ठेवलं
आणि तिथंच पगार वाढवून घेतला.

थांबलो.
बी, आर, ओ, यू.
लोक गाड्या थांबवून फोटो काढू लागले.
ब्रॉटन असेल. नाही, ब्रॉवर,
तो मिशिगनचा, डावखुरा.
त्या चार अक्षरांतून संध्याकाळपर्यंत
गावानं पाच नवे कोच जन्माला घातले,
एकाचं तर लग्नही मोडलं.

अंधार पडता पडता हॉलेनबेक आला,
खोकी न्यायला.
अख्खं मैदान रिकामं,
तरी गाडी पाहुण्यांच्या रांगेत लावली,
दोन रेषांच्या अगदी मधोमध.
माझ्याजवळ येऊन उभा राहिला.
खिशात हात. खाली बघत.
"माझ्या खाली कोण आहे?"
स्ट्रिकलँड, म्हटलं.
"आणि त्याच्या?"
मी सांगत गेलो, तो मान हलवत गेला,
ओळखीच्यांची चौकशी करावी तसा.
शेवटी म्हणाला, "आर जरा वाकडा आलाय."
आला होता.

मग त्याचा खिसा थरथरला.
नंबर पाहून तो ताठ झाला,
आवाज एकदम शनिवारचा,
आणि बोलत बोलत पार गोलखांबापर्यंत गेला.

कुठल्यातरी गावात आता कुणीतरी
खडू शोधत असेल.
हॉलेनबेक, दहा अक्षरं.
त्याला कुणी सांगा, डावीकडून फार ऐसपैस सुरू करू नकोस,
शेवटचा के कठड्यावर चढतो.

गाडीची काच खाली झाली.
त्याची मुलगी, मेरिडिथ,
मांडीवर बँडचं क्लॅरिनेट, पेटीतच.
चार वर्षांत तिची ही तिसरी शाळा.
"तुम्ही सगळ्यांचं ऐकता ना," ती म्हणाली,
"आम्ही कुठं चाललोय?"

लोरीनकडे त्या सकाळी दोन नावं निघाली होती,
वायोमिंग आणि ॲरिझोना.
दोन्ही पुड्याच असणार.
मी त्यातलं उबेचं सांगितलं.